त्रेपन्नातून सत्तावीस गेले, उरले चौतीस!

एका शिक्षिकेचं पत्र:

'बाई, सप्रेम नमस्कार. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू होऊन मला आठ महिने झाले. तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे, पट २३. डी.एल.एड.ला, म्हणजे शिक्षक पदविकेला, पियाजे, व्हायगॉट्स्की, ब्रूनर, स्किनर हे मानसशास्त्रज्ञ सगळे पाठ केले, गुणही चांगले पडले. वर्गात आल्यावर मात्र यांतला कोण कधी वापरायचा तेच कळेना. हातच्याची वजाबाकी घेतली. रचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलांनी स्वतः ज्ञान रचायचं अशा रीतीने, करायची म्हणून गट पाडले, काड्या वाटल्या आणि "तुम्हीच शोधा" म्हटलं. दहा मिनिटांत काड्यांच्या तलवारी झाल्या. शेवटी फळ्यावर ५२ वजा २७ दिलं, तर ११ मुलांनी ३५ लिहिलं. मुख्याध्यापक सर म्हणतात, "ते गटबिट सोडा, पाढे घोकून घ्या." आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख म्हणतात, "तुम्ही सांगू नका, मुलांना ज्ञान रचू द्या." एका प्रशिक्षणात तर मुलांचे दृश्य, श्राव्य आणि कृतिशील असे प्रकार पाडून तिन्ही तऱ्हांनी शिकवा असं सांगितलं. मी एकटी, इयत्ता दोन, त्यात हे तीन प्रकार. नक्की कोणता सिद्धांत खरा धरू?'

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही तक्रारीच्या ओघात लिहून गेलात. '११ मुलांनी ३५ लिहिलं.' एकदोघांनी शेजाऱ्याच्या पाटीत डोकावलं असेल, ते सोडून देऊ. तरीही निम्मा वर्ग एकाच चुकीच्या उत्तरावर येऊन थांबतो, तेव्हा ती मुलं झोपेत नव्हती. नुसते अंदाज ठोकले असते तर कोणाचे १९ आले असते, कोणाचे ४०. सगळ्यांचे ३५ आले, म्हणजे डोक्यात काहीतरी नियम चालू आहे. तो कोणता, हे कळेपर्यंत पियाजेही बाजूला ठेवा आणि स्किनरही.

आता थोडी गंमत. ३५ दोन वाटांनी येतं. पहिल्या वाटेचं मूल म्हणतं, २ मधून ७ जात नाहीत, मग ७ मधून २ काढू, राहिले ५. दशकात ५ मधून २ गेले, ३. झाले ३५. दुसऱ्या वाटेचं मूल हातचा घेतं, १२ मधून ७ बरोबर काढतं, ५ लिहितं, पण दशकातला एक कमी करायला विसरतं. ५ मधून २, पुन्हा ३. तेही ३५. उत्तर एक, दुखणी दोन. पहिल्याला हातचा ही भानगडच उमगलेली नाही. दुसऱ्याला ती तीन चतुर्थांश उमगली आहे. तुम्ही दोघांच्या वहीवर सारखीच लाल फुली मारली असणार. मीही मारली आहे, एक-दोन नव्हे, वीस-बावीस वर्षं.

दोष त्या आकड्यांचा आहे. एककातल्या दोन अंकांत पाचाचा फरक असला की या दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन बसतात आणि आपल्याला काही दिसत नाही. म्हणून ५२ पुसा, ५३ लिहा. ५३ वजा २७. बरोबर उत्तर २६. उलटी वजाबाकी करणाऱ्याचं येईल ३४. हातचा घेऊन दशक कमी न करणाऱ्याचं ३६. आणि '३ मधून ७ जात नाहीत' म्हणून एककात शून्य ठेवून मोकळं होणाऱ्याचं ३०. एका गणितात वर्गाच्या तीन रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनीही हे काम केलं आहे. अमेरिकेतल्या ब्राउन आणि बर्टन या दोघांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशाच चुकांचा पद्धतशीर माग काढला आणि दाखवलं की मुलं पुष्कळदा ठरावीक, चुकीचा नियम इमानेइतबारे पाळत असतात. आळस आणि निष्काळजीपणा हे आपले आवडते शेरे तिथे लागू पडत नाहीत.

चौथं एक उत्तर येऊ शकतं, ते खास आपल्या मराठीचं. गणित फळ्यावर न लिहिता तोंडी सांगा: 'त्रेपन्नातून सत्तावीस वजा करा.' एखाद्याच्या पाटीवर ८ दिसेल. त्याची वजाबाकी चोख आहे. त्याने 'त्रेपन्न' ऐकलं, आधी 'त्रे' कानावर पडलं म्हणून ३ लिहिले, मग 'पन्न' आलं म्हणून ५. झाले ३५. ३५ मधून २७ गेले, ८ राहिले. आपल्या भाषेत एकक आधी बोलतात आणि दशक आधी लिहितात. मुलाने कानाचं ऐकलं, एवढाच त्याचा गुन्हा. एकोणसाठला तर साठ ऐकू येतात, म्हणून ६९. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, टिंगल झाली, आठवत असेल. मला त्यामागचं कारण तेव्हाही पटलं होतं. 'एकवीस' टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. घरी-बाजारात तेच चालणार. पण चार दिवस दोन्ही शब्द जोडीने म्हणा: 'पन्नास तीन, त्रेपन्न.' ८ लिहिणारं मूल या दोन शब्दांनी सुटतं. त्याला वजाबाकीची आणखी वीस गणितं घालणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला पट्टी.

आता तुमच्या सिद्धांतांकडे येते.

ज्ञानरचनावादाचा आपल्याकडे एक विचित्र अर्थ रुजला आहे, की बाईंनी गप्प बसायचं आणि मुलांनी शोधायचं. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून तो शब्द आपल्या कागदांवर आला. २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि तो शब्द गावोगाव पोचला. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे शाळांचा एक गट) शाळांचं काम बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथल्या शिक्षिका मुलांशी काय आणि किती बोलत होत्या हे काहींनी टिपलं. बाकीच्यांनी परत येऊन तिथल्यासारख्या फरशा रंगवून घेतल्या. माझ्याही शाळेची फरशी रंगली. मुलं त्यावर बसून डबे खात असत. रंगाला माझी हरकत नाही, पण रचनावाद ही ऑइलपेंटची गोष्ट नव्हे.

मूल ज्ञान रचतं म्हणजे ते रचतच असतं, तुम्ही परवानगी द्या किंवा देऊ नका. ३४ लिहिणाऱ्या मुलानेही रचलंच आहे की! पहिली-दुसरीत आपणच त्याला बजावलं, 'लहानातून मोठी संख्या जात नाही, नेहमी मोठीतून लहान काढायची.' त्याने ते शिरसावंद्य मानलं आणि एककाच्या घरात जाऊन पाळलं. पियाजेंची सुरुवात इथूनच झाली होती. १९२०च्या सुमारास ते पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते. नेमून दिलेलं काम बरोबर उत्तरांचं होतं, पण त्यांचं लक्ष वेधून घेतलं चुकीच्या उत्तरांनी: एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकत होती. पुढचा सगळा डोलारा त्यातून उभा राहिला. तुमच्या ११ पाट्या तीच गोष्ट सांगताहेत. पदविकेच्या परीक्षेत अवस्थांची नावं विचारतात, हे मात्र कोणी विचारत नाही.

आता काड्या. त्यांच्या तलवारी झाल्या कारण काड्यांना काम नव्हतं. 'शोधा' म्हटलंत, पण काय हरवलंय ते मुलांना ठाऊक नव्हतं. असं करा. ३४ आणि ३० वाली मुलं तुमच्याभोवती बसवा. खराट्याच्या काड्या चालतील, तुरीच्या तुरकाट्याही चालतील. दहादहाचे गठ्ठे रबर लावून आदल्या दिवशी मुलांकडूनच बांधून घ्या. गठ्ठ्यात दहा असतात हे बांधणाऱ्याला सांगावं लागत नाही. एका मुलासमोर पाच गठ्ठे आणि तीन सुट्या. 'मला सत्तावीस दे, आधी सुट्या सात दे.' ते तीन देईल आणि तुमच्याकडे बघेल. इथे, फक्त इथे, तोंड मिटून बसा. माझा अनुभव असा की मिनिटभरात कोणीतरी 'बाई, गठ्ठा सोडू का?' म्हणतंच. तुमच्या केंद्रप्रमुखांना हवा असलेला क्षण हाच. तो मिनिटभराचा असतो, पस्तीस मिनिटांचा तास त्यावर निघत नाही. शिवाय तो यावा म्हणून गठ्ठे, आकडे आणि प्रश्न तुम्ही आधी नेमके मांडलेले असतात.

रबर निघाला की लगेच विचारा, 'आता तुझ्याकडे सगळ्या मिळून काड्या किती?' जे मूल पटकन त्रेपन्न म्हणेल, ते पुढे जायला तयार. जे पुन्हा एकापासून मोजायला लागेल, त्याला गठ्ठा सोडल्याने संख्या बदलत नाही याची अजून खात्री नाही. पियाजेंचा तो दोन पेल्यांतल्या पाण्याचा प्रयोग तुम्ही पाठ केला असेल. उंच पेल्यात ओतलं की पाणी वाढलं असं लहान मुलाला वाटतं. तो प्रयोग तुमच्या वर्गात असा भेटतो. मोजू द्या त्याला, अडवू नका.

आणि आता ती गोष्ट, जी बहुतेक वर्गांत राहून जाते. रबर निघाला त्याच क्षणी पाटीवरच्या ५ वर काट मारून वर ४ लिहायचे आणि ३ च्या जागी १३. हाताने एक कृती, लगेच पेन्सिलीने तीच कृती. काड्यांचा तास वेगळा आणि वहीचा तास वेगळा ठेवला की मुलाच्या डोक्यात दोन गावं वसतात आणि त्यांच्यामध्ये रस्ता नसतो. काड्यांवर त्याला सगळं येतं, वहीत पुन्हा ३४. ब्रूनरनी साठच्या दशकात सांगितलं, की माणूस गोष्ट आधी करून, मग चित्रातून, मग चिन्हातून धरतो. आपण तीन पायऱ्या पाठ करतो. अवघड जागा आहे ती एका पायरीवरून दुसरीवर पाय टाकण्याची. मी तीन-चार दिवस काड्या आणि पाटी बरोबर ठेवायची. मग काड्या उचलून पाटीवर नुसत्या रेघा आणि ठिपके: दशकाला उभी रेघ, एककाला ठिपका. रेघ खोडायची, दहा ठिपके काढायचे. मुलं दोन दिवसांत कंटाळतात आणि म्हणतात, 'बाई, ठिपके नको, आकडेच लिहितो.' ही वेळ त्यांनी ठरवलेली बरी.

शब्दाचंही बघा. आपण 'उसना घेतला' म्हणतो. एकदा तिसरीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, 'बाई, उसना घेतलेला परत कधी द्यायचा?' तिच्या घरी उसनी साखर वाटीने आणत आणि वाटीनेच परत देत. मी तिला 'गप्प बस, लिही' म्हणाले. हा प्रश्न मला आजही टोचतो, कारण तो अगदी बरोबर होता. इथे उसनं काहीच नाही. आपलीच दहाची नोट आपण सुटी करतो. सुट्या पैशांवरून दुकानात घातलेली हुज्जत प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. 'दशक सुटा केला' म्हणा, तुमचे अर्धे कष्ट वाचतील.

गटांबद्दल. गोल करून बसवलं म्हणजे गटकार्य झालं असं व्हायगॉट्स्कींनी कुठेही म्हटलेलं नाही. त्यांचं म्हणणं होतं, की मुलाला एकट्याने जे जमतं आणि कोणाचा हात धरून जे जमतं, त्या दोहोंमधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. तुमच्या वर्गात ३६ लिहिणारं मूल त्या पट्ट्याच्या अगदी कडेला उभं आहे. त्याला काड्या नकोत, समजावून सांगणं नको. त्याला २६ लिहिणाऱ्याच्या शेजारी बसवा आणि एकच अट घाला: ज्याला येतं त्याने पेन्सिल हातात धरायची नाही, फक्त विचारायचं. 'आता दशक चार राहिले की पाच?' एवढ्या प्रश्नावर बहुतेकांचं घोडं गंगेत न्हातं. ही अट नसेल तर हुशार मूल 'दे इकडे' म्हणून पाटी ओढून घेतं, उत्तर बरोबर येतं आणि दुसऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

आणि आधार काढून घेणं. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात ना? पहिल्या दिवशी घट्ट, मग जरा सैल, मग एक दिवस काका न सांगता सोडून टाकतो. आपण शाळेत डबा बांधतो छान, सोडायचं विसरतो. चौथीतली मुलं अजून बोटांवर १३ मधून ७ मोजताना दिसतात, ती याचमुळे.

इथे तुमचे मुख्याध्यापक बरोबर आहेत. मी त्यांची बाजू घेतेय म्हणून नाराज होऊ नका. १३ मधून ७ गेले की ६, हे मुलाला क्षणात आठवायला हवं. एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. त्यातली जागा बोटं मोजण्यातच गेली तर दशक सुटा केल्याचं ध्यान कुठे राहणार? ३६ चं हेही एक कारण असतं. मानसशास्त्रात स्वेलर यांनी १९८८पासून याच ओझ्याचा अभ्यास मांडला. आपल्या पंतोजींना ते न वाचता माहीत होतं, म्हणून पावकी-निमकीपर्यंत, म्हणजे पाव-अर्ध्याच्या पाढ्यांपर्यंत, पाठ करून घेत. चुकत एवढंच, की अर्थ कळायच्या आधी घोकायला लावत आणि वर छडी. क्रम बदला. आज काड्यांवर कळलं, उद्यापासून पाठांतर.

पण सामूहिक घोष करून नको, त्यात मागच्या रांगेची नुसती ओठांची हालचाल असते. रोज परिपाठ संपला की पाच मिनिटं पाट्या: एक गणित कालचं, एक गेल्या आठवड्याचं, एक दिवाळीआधीचं. गुण नाहीत, शिक्षा नाही. पाटी वर धरायची, तुम्ही नजर फिरवायची, पुसायची. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर करून पाहिलं होतं: उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा मनातून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवलं. वाचणाऱ्यांना मात्र 'आपल्याला छान येतंय' असं वाटत होतं! पाट्यांची पाच मिनिटं ही जगातली सगळ्यात स्वस्त चाचणी आहे. जोडवर्गात तिचा आणखी एक फायदा, तिसरी आणि चौथी एकाच वेळी कामाला लागतात. चौथीला त्याच वेळी ४०३ वजा १२७ द्या. मधलं शून्य बघून काय काय करतात ते टिपून ठेवा. उत्तर २७६ यायला हवं.

दृश्य, श्राव्य, कृतिशील ही विभागणी सरळ सोडून द्या. २००८ साली पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचे अभ्यास तपासले आणि मुलाच्या तथाकथित शैलीप्रमाणे शिकवल्याने ते जास्त शिकतं, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. वजाबाकी सगळ्यांनाच हाताने करायची, डोळ्यांनी बघायची आणि तोंडाने सांगायची असते. तीन प्रकार पाडण्याचा वेळ वाचला, तो ३० लिहिणाऱ्यांना द्या.

राहिला प्रश्न केंद्रप्रमुखांचा. त्यांच्याशी सिद्धांतावर वाद घालू नका. एक शंभर पानी वही करा. एका पानावर तारीख, गणित आणि खाली चार रकाने: ३४, ३६, ३०, ८, त्यात मुलांची नावं. पंधरा दिवसांनी त्याच धाटणीचं दुसरं गणित, ६४ वजा २८, म्हणजे आठवून उत्तर यायला नको. (फरक पाचाचा नाही, पाहिलंत ना?) कोण कुठल्या रकान्यातून निघालं ते बाणाने दाखवा. भेटीच्या दिवशी ती वही पुढे करा. मी केंद्रप्रमुखांसोबत बरीच वर्षं काम केलंय. बहुतेक जण स्वतः चांगले शिक्षक होते, फक्त वरून आलेल्या रकान्यांनी त्यांचं डोकं भरलेलं असतं. त्यांना तुमचे रकाने दाखवा. मुख्याध्यापकांना पाट्यांच्या पाच मिनिटांना एकदा बोलावून घ्या, त्यांचं समाधान तिथेच होईल.

तेव्हा सोमवारी गट नकोत, काड्या नकोत. फक्त ५३ वजा २७, एकदा फळ्यावर लिहून आणि मधल्या सुट्टीनंतर एकदा तोंडी सांगून. पाट्या पुसायच्या आधी उत्तरं उतरवून घ्या. आणि २६, ३४, ३६, ३०, ८ यांच्यापलीकडचं काही निघालं तर त्या मुलाला शेजारी बसवून विचारा, 'हे कसं काढलंस, मला शिकव.' ते काय म्हणालं, ते त्याच्या शब्दांत मला लिहून पाठवा.